चाल कुणाची? स्कॉटलंडची एक धून आणि तंजावरचा मराठी मुलूख

रबीउल अव्वल जवळ आला की मुलं नातची वही घेऊन येतात आणि दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो. "सर, ही तर्ज तर फिल्मी गाण्याची आहे. चालेल का?" कधी हा प्रश्न मुलांचा असतो, कधी त्यांच्या वालिदांचा. हीच तक्रार मी सप्ताहाच्या मांडवातही ऐकली आहे. जुन्नर-आंबेगावच्या गावांत हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा एखादं तरुण भजनी मंडळ सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणतं आणि पाठीमागे बसलेली जुनी माळकरी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. मशिदीजवळची तक्रार आणि मंदिराजवळची तक्रार शब्दाशब्दाला जुळते. दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच आहे: चाल कुणाची असते?

उर्दूत आपण 'तर्ज' म्हणतो, मराठीत 'चाल'. जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं काढून पाहा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, 'चाल – अमुक अमुक'. म्हणजे नवं पद कोणत्या जुन्या गाण्याच्या सुरावर म्हणायचं, ते वाचणाऱ्याला आधीच सांगून टाकलेलं असतं. नातच्या आणि कव्वालीच्या छोट्या उर्दू पुस्तिकांतही 'बर तर्ज' असं लिहून मूळ गाण्याचं नाव दिलेलं असतं. उसनं घेतलं, पण लपवलं नाही, असा तो सरळ व्यवहार आहे. याच प्रश्नाचा विचार करताना मला एका धुनेचा इतिहास सापडला. ती निघाली स्कॉटलंडहून आणि पोहोचली थेट भोसल्यांच्या तंजावरला. तो इतिहास आपल्या मुलांना सांगण्यासारखा आहे.

या धुनेचं नाव 'लॉर्ड मॅकडोनल्ड्स रील'. रील म्हणजे नाचाची जलद चाल. तिचे सहसा दोन भाग असतात, प्रत्येक भाग आठ मात्रागटांचा. पहिला वाजवायचा, पुन्हा वाजवायचा, मग दुसरा तसाच. आणि नाचणारे थकेपर्यंत हे चक्र फिरत राहतं. वाद्य फिडल. फिडल आणि व्हायोलिन ही दोन वेगळी वाद्यं नाहीत. मैफिलीत बसलेला माणूस त्याला व्हायोलिन म्हणतो आणि लग्नाच्या घरी नाचासाठी वाजवणारा फिडल म्हणतो, एवढंच. ही रील स्काय बेटावरच्या स्लीटच्या मॅकडोनल्ड घराण्यातील सर अलेक्झांडर यांच्या नावावर सांगितली जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस नील गाऊ (1727–1807) आणि त्यांचे चिरंजीव नथॅनिएल यांनी स्कॉटिश नाचाच्या चालींचे संग्रह छापले. त्यांतून ही आणि अशा शेकडो चाली घरोघर गेल्या.

पण छापील पुस्तकापेक्षा माणसाच्या कानाचे पाय लांब असतात. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये समुद्राची अरुंद पट्टी आहे. आयर्लंडचे मजूर सुगीला स्कॉटलंडच्या शेतांवर जायचे आणि हंगाम संपला की मजुरीबरोबर चालीही घेऊन घरी यायचे. आज आयर्लंडमध्ये ही रील इतकी रुळली आहे की ती परकी आहे असं कुणाला वाटतही नाही. स्लायगो परगण्यात जन्मलेले आणि पुढे न्यूयॉर्कला जाऊन राहिलेले मायकल कोलमन (1891–1945) यांनी ती ग्रामोफोनच्या तबकडीवर वाजवली, आणि ती तबकडी ऐकून पुढच्या पिढ्या शिकल्या. अमेरिकेच्या डोंगराळ भागात हीच चाल 'लेदर ब्रिचेस' म्हणजे 'चामड्याची तुमान' या नावाने वाजते. जमीनदाराच्या नावाची चाल शेतकऱ्याच्या तुमानीच्या नावाने ओळखली जाऊ लागली, यात मला तरी मोठी गंमत वाटते.

गाण्यांबाबत तिथेही आपल्यासारखीच पद्धत होती. स्कॉटलंडचे कवी रॉबर्ट बर्न्स यांनी आपली कितीतरी गाणी जुन्या लोकधुनांवर रचली आणि 1787 पासून निघालेल्या 'स्कॉट्स म्युझिकल म्युझियम' या संग्रहात ती धुनेच्या नावासकट छापली गेली. आयर्लंडच्या थॉमस मूर यांच्या 'आयरिश मेलडीज'चे भाग 1808 पासून निघू लागले. त्यांतही गाण्यावर मूळ धुनेचं नाव असे. आपल्या 'बर तर्ज'चीच ही त्यांच्याकडची आवृत्ती म्हणायची.

आता ही धून हिंदुस्थानात कशी आली? सैन्याबरोबर. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि ब्रिटिश राजाच्या पलटणींत स्कॉटिश आणि आयरिश शिपाई मोठ्या संख्येने होते. आपल्या महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर 74 आणि 78 या क्रमांकांच्या स्कॉटिश हायलँडर पलटणी उभ्या होत्या, आणि त्यांचा सेनापती आर्थर वेलस्ली जन्माने डब्लिनचा होता. म्हणजे या चाली आपल्या मुलखात पहिल्यांदा आल्या त्या तोफांच्या आवाजाबरोबर, हे विसरून चालणार नाही. छावणी पडली की संध्याकाळी बँड वाजायचा. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातही तो वाजायचा, आणि तिथे त्याला एक विलक्षण श्रोता मिळाला.

त्यांचं नाव मुत्तुस्वामी दीक्षितर (निधन 1835). कर्नाटक संगीतातल्या तीन थोर रचनाकारांपैकी ते एक. जन्म तिरुवारूरचा, म्हणजे तंजावरच्या मराठी राज्यातला. त्यांचे वडील रामस्वामी दीक्षितर कुटुंब घेऊन मद्रासजवळच्या मणली गावी गेले. तिथले मुत्तुकृष्ण मुदलियार हे कंपनीचे दुभाषी आणि संगीताचे मोठे आश्रयदाते. त्यांच्यामुळे या घरातल्या मुलांना किल्ल्यातला बँड ऐकायला मिळाला. धाकटा भाऊ बालुस्वामी (1786–1858) तर एका युरोपियन वादकाकडे तीन वर्षं व्हायोलिन शिकला. पुढे त्याने ते वाद्य कर्नाटक संगीतासाठी वापरलं. आज दक्षिणेत गाण्याच्या साथीला व्हायोलिन नाही, अशी मैफल शोधावी लागेल. मांडी घालून बसायचं, वाद्याचं एक टोक छातीशी आणि दुसरं पायाच्या घोट्याशी टेकवायचं, म्हणजे डावा हात मोकळा होऊन गमक घेता येतं. वाद्य विलायती आणि बैठक देशी, अशी ही सोय आहे.

थोरल्या मुत्तुस्वामींनी किल्ल्यात ऐकलेल्या चालींवर संस्कृत रचना केल्या. अशा चाळीसच्या आसपास रचना आज ओळखल्या जातात. त्यांना 'नोट्टुस्वर' म्हणतात. इंग्रजी 'नोट'चं 'नोट्टु' झालं आणि त्याला आपला 'स्वर' जोडला गेला. हे नावच एक लहानसं लग्न आहे. राग शंकराभरण, म्हणजे ढोबळमानाने आपला बिलावल. सगळे शुद्ध स्वर. गमक नाही, ताना नाहीत. सरळ सोप्या स्वरांवर एकेक अक्षर ठेवलेलं. त्यामुळे दक्षिणेत लहान मुलांना गाणं शिकवताना या रचना आजही उपयोगी पडतात. शिक्षक म्हणून मला त्या घराण्याचं हे शहाणपण फार भावतं: मुलाच्या कानाला जे पटकन लागतं, त्याचा पाठ करून टाकायचा.

'जगदीश गुरुगुह' ही नोट्टुस्वर रचना आपल्या 'लॉर्ड मॅकडोनल्ड्स रील'वर बांधलेली आहे. स्काय बेटाच्या सरदाराचं नाव गेलं आणि त्या जागी दीक्षितरांची 'गुरुगुह' ही नाममुद्रा आली. मद्याच्या पेल्यांभोवती नाचायची चाल देवाच्या स्तुतीला लागली. 'वंदे मीनाक्षी' ही रचना आयरिश चालीवर आहे. आणि 'संततं पाहि मां' ऐकलीत तर तुम्ही क्षणभर दचकाल, कारण ती चाल 'गॉड सेव्ह द किंग'ची, खुद्द इंग्लंडच्या राजगीताची आहे. दीक्षितरांच्या रचनेत राजा कुठेच नाही. तिथे संगीताची देवता श्यामला आहे. ज्यांच्या हाती तोफा होत्या, त्यांच्या राजासाठीची चाल घेऊन या माणसाने आपल्या देवीची प्रार्थना केली. याला शरणागती म्हणायचं की स्वातंत्र्य, हे वाचकांनी ठरवावं. माझा कौल मी शेवटी देईन.

इथे आपल्या मुलखाचा धागा सांगायला हवा. मी हे लिहितो आहे ते आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, आहुप्यात. इथून कडा तुटतो आणि खाली मुरबाडचा मुलूख दिसतो. पलीकडे जुन्नर, आणि जुन्नरच्या डोक्यावर शिवनेरी. तिथे जन्मलेल्या शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी हे आदिलशाहीचे सरदार म्हणून दक्षिणेत गेले आणि 1675-76च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. त्यांच्या वंशाने 1855 पर्यंत तंजावरची गादी सांभाळली. दरबारात मराठी होती, दफ्तर मोडीत होतं, आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास सांगणारा मोठा मराठी शिलालेख 1803 साली कोरला गेला.

त्या वेळी गादीवर होते दुसरे सरफोजी (कारकीर्द 1798–1832). हे नाव आपल्या वाचकांनी जरा थांबून वाचावं. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरांना नवस केला आणि मुलं झाल्यावर त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरेने चालत आलेली कथा आहे. 'शरीफजी'चंच पुढे 'सरफोजी' झालं आणि ते नाव भोसल्यांबरोबर थेट कावेरीच्या काठी गेलं. तंजावरच्या राजांनीही ते नातं राखलं. नागूरला शाहुल हमीद या सूफी संताचा दर्गा आहे. त्याच्या पाच मिनारांपैकी सर्वांत उंच, 131 फुटांचा मिनार तंजावरच्या प्रतापसिंह महाराजांनी बांधला. एका मराठी राजाने बांधलेला मिनार आजही तमिळ समुद्रावर दिसतो.

सरफोजींनी 1799 च्या तहात कारभार कंपनीच्या हाती दिला आणि उरलेलं आयुष्य विद्येला वाहिलं. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह त्यांनी वाढवला. त्यात पाश्चात्य संगीताची पुस्तकंही आहेत. दरबारात पाश्चात्य वाद्यांचा बँड होता. त्यांनी 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं मराठी नृत्यनाट्य लिहिलं. त्यात डोंगरातली भविष्य सांगणारी बाई चक्क जगाचा भूगोल सांगते. दीक्षितरांकडे शिकलेले चार भाऊ, पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू, याच दरबारात होते. आज ज्याला आपण भरतनाट्यम म्हणतो, त्याच्या मैफिलीचा क्रम या चौघांनी बसवला. त्यांतला वडिवेलू व्हायोलिनमध्ये इतका तयार झाला की त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्याला 1834 साली हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. स्कॉटलंडच्या लग्नघरातलं फिडल चाळीसेक वर्षांत इतकं पुढे आलं होतं.

आता या हकिकतीतला मला सर्वांत प्रिय भाग. दीक्षितरांच्या नोट्टुस्वरांत 'पीतवर्णं भजे' नावाची भैरवाची स्तुती आहे. तिची चाल 'ताजा ब ताजा' या फारसी गझलेची आहे. ही गझल शिराझच्या हाफिजच्या नावावर सांगितली जाते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लखनौ-कलकत्त्याच्या मैफिलींत तवायफा ती गात आणि इंग्रज साहेब व मडमांना तिने वेड लावलं होतं. लखनौला खानम जान नावाच्या गायिकेचं गाणं ऐकून सोफिया प्लाउडन या इंग्रज बाईने तिथल्या चाली कागदावर उतरवून घेतल्या. 1789 साली कलकत्त्यात विल्यम हॅमिल्टन बर्ड याने 'ओरिएंटल मिसेलनी' नावाने हिंदुस्थानी चालींचा संग्रह छापला, त्यातही ही गझल आहे. म्हणजे उलटा प्रवासही चालू होता. आपल्या चाली त्यांच्या दिवाणखान्यात पियानोसारख्या वाद्यांवर वाजत होत्या. त्याच 'ताजा ब ताजा'वर मद्रासकडचा एक ब्राह्मण रचनाकार भैरवाचं स्तोत्र बांधतो. साकी आणि शराबाच्या मैफिलीतून निघालेली चाल कुठे येऊन थांबली पाहा. आमच्या डोंगरात देवराईच्या गर्द सावलीत भैरवनाथाची ठाणी आहेत. इथल्या महादेव कोळी बांधवांना मी हे सांगितलं, की तुमच्या देवाचं एक स्तोत्र शिराझच्या गझलेच्या चालीवर आहे, तर त्यांना त्याचं नवल वाटलं, राग कुणालाच आला नाही.

हाफिजचा आणि दख्खनचा आणखी एक संबंध आहे. अहमदनगर आणि विजापूरच्या दरबारात राहिलेला इतिहासकार फरिश्ता सांगतो, की बहमनी सुलतानाने हाफिजला दख्खनला येण्याचं आमंत्रण आणि वाटखर्च पाठवला होता. हाफिज होर्मुझच्या बंदरापर्यंत आला, जहाजावर चढला, तेवढ्यात वादळ सुटलं. घाबरून तो उतरला, एक गझल लिहून सुलतानाकडे पाठवली आणि शिराझला परत गेला. शायर आला नाही. त्याच्या नावाची चाल मात्र चारशे वर्षांनी आली, आणि तीही लखनौच्या तवायफेच्या गळ्यातून.

दीक्षितरांच्या या रचना टिकल्या कशा? बालुस्वामींच्या घराण्यातले सुब्बराम दीक्षितर (1839–1906) यांनी त्या जपल्या. मद्रासचे चिन्नस्वामी मुदलियार हे ख्रिस्ती गृहस्थ कर्नाटक संगीत विलायती लिपीत लिहून ठेवण्याच्या ध्यासाने झपाटले होते. त्यांचं पुस्तक 1893 साली निघालं. त्यांनीच सुब्बरामांच्या मागे लागून घराण्याचा ठेवा प्रसिद्ध करायला लावला आणि 1904 साली तेलुगूत 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' छापली गेली. देवीची स्तोत्रं वाचवण्यासाठी एका ख्रिस्ती माणसाने आपली हयात घालवली. आपल्याकडे अशी उदाहरणं पावलोपावली आहेत. आपण ती मोजत नाही, एवढंच.

तंजावरहून महाराष्ट्राकडेही वाट होती. मराठी कीर्तन तंजावरला गेलं आणि तिथल्या हरिकथेत मिसळलं. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्तं तमिळ कथेकऱ्यांनी उचलली. इकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात पारशी मंडळीचं उर्दू 'इंद्रसभा' पाहिलं आणि त्यातून 'संगीत शाकुंतल'ची कल्पना घेतली, असं नाट्येतिहास सांगतो. मूळ 'इंदरसभा' लखनौच्या अमानतची. शाकुंतलच्या पदांत कर्नाटकी चालीही होत्या. म्हणजे मराठी माणूस ज्या संगीत नाटकाचा अभिमान बाळगतो, त्याच्या पायात कालिदासाचं संस्कृत, लखनौची उर्दू रंगभूमी, कानडी चाली आणि पारशी व्यापाऱ्याचा पैसा असे चार दगड आहेत. यातला कोणता दगड काढायचा?

व्हायोलिनही पुढे मराठी माणसाच्या हाती आलं. गजाननबुवा जोशी (1911–1987) गवई होते आणि उत्तम व्हायोलिनवादकही. व्ही. जी. जोग (1922–2004) उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकले आणि उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईबरोबर त्यांच्या जुगलबंद्या रंगल्या. विलायती वाद्य, मराठी वादक, बनारसची शहनाई. ऐकणाऱ्याला यातला सांधा कुठे आहे ते कळत नाही.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळतो. फिल्मी तर्जवर नात म्हणावी का? ज्येष्ठांच्या हरकतीत एक खरा मुद्दा आहे आणि तो मी मुलांना आधी सांगतो. चालीला आठवण चिकटलेली असते. कालच पडद्यावर पाहिलेल्या नाचाची चाल आज नातला लावली, तर ऐकणाऱ्याचं मन नातकडे न जाता नाचाकडे जाईल. अदब बिघडते. सप्ताहातल्या माळकरी आजोबांचं म्हणणंही हेच आहे आणि ते बरोबर आहे. पण हा दोष चालीच्या जन्माचा नाही, ताज्या आठवणीचा आहे. दीक्षितरांच्या रचना गाणाऱ्या मुलीला आज मॅकडोनल्डचा दिवाणखाना आठवत नाही. दोनशे वर्षांत शब्दांनी ती चाल आपल्या रंगात रंगवून टाकली.

म्हणून चाल निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात, असं मी मुलांना सांगतो. शब्दांचं वजन ती पेलते का? ऐकणाऱ्याला ती कुठे घेऊन जाते? आणि जिच्याकडून घेतली तिचं नाव आपण सांगतो का? तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'बर तर्ज' लिहिणारा उर्दू पुस्तिकावाला आणि 'चाल –' लिहिणारा मराठी नाटककार दोघेही प्रामाणिक होते. हल्ली आपण चाल घेतो आणि नाव पुसतो. मग पन्नास वर्षांनी कुणीतरी उठून म्हणतं, हे सगळं आमचंच होतं, तुम्ही मधे कोण? भांडण चालीवरून होत नाही, पुसलेल्या नावावरून होतं. मराठी मुसलमानाला तर हे वेगळं सांगायला नको. आपली भाषा, आपली गाणी, आपल्या राजांच्या नावातला पीर, हे सगळं जागच्या जागी आहे. फक्त वरचं 'चाल –' कुणीतरी खोडलं आहे. ते पुन्हा लिहिणं हे आपलं, विशेषतः शिक्षकांचं काम आहे.

आणि दीक्षितरांबद्दलचा माझा कौल द्यायचा राहिला. ज्यांनी मुलूख घेतला त्यांची चाल घेऊन त्यावर आपले शब्द ठेवणाऱ्या माणसाला मी शरण गेलेला म्हणणार नाही. तंजावरचं राज्य 1855 साली खालसा झालं, किल्ल्यातला बँड कधीच गेला, आणि इंग्लंडच्या राजाचं राज्य इथून उठूनही पाऊणशे वर्षं उलटून गेली. 'संततं पाहि मां' मात्र दक्षिणेतली मुलं आजही आपल्या गुरूसमोर बसून गातात.